माग किलोनं विकू नका, साहेब

प्रति,
मा. अधीक्षक साहेब,
आमच्या जिल्ह्याचं इंग्रजांच्या काळातलं कारागृह,
आणि निर्लेखनाच्या, म्हणजे साहित्य बाद करण्याच्या, कागदावर ज्यांच्या ज्यांच्या सह्या लागतात ते वरचे सगळे साहेब.

सविनय नमस्कार.

मागच्या बुधवारी फाट्यावरच्या हॉटेलात कट चहा घेताना तुमची जाहीर सूचना वाचली. पेपरच्या आतल्या पानावर, बोअरवेलच्या जाहिरातीखाली, चार बोटं जागेत होती. निरुपयोगी साहित्य ‘जसे आहे जेथे आहे’ तत्त्वावर लिलावाने विकणे आहे. यादी दोनदा वाचली. लोखंडी खाटा, भोकं पडलेल्या डेगा, पत्र्याच्या बादल्या, मोडकी बाकं, आणि पाचव्या ओळीत : सतरंजीचे माग, लाकडी व लोखंडी, अठरा नग. पुढे अंदाजे वजन, किलोत.

त्या अठरांपैकी सात नंबरच्या मागावर मी पाच वर्षं बसलो. चहा तसाच राहिला. हॉटेलवाला म्हणाला, “काय झालं बे, कोणी गेलं काय?” त्याला काय सांगणार?

आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे मागाहून कोणाला शोधून काढायची तसदी नको. मी दर्यापूर तालुक्यातला, खारपाणपट्ट्यातला. घरचं चार एकर कोरडवाहू, बोअर मारला तर खारं पाणी. धुऱ्याच्या भांडणात माझ्या हातून माझ्याच चुलतभावाचा जीव गेला. सदोष मनुष्यवध, दहा वर्षं सश्रम. माफी धरून साडेसात वर्षं आत काढली आणि २०२२ च्या दिवाळीनंतर सुटलो. गुन्हा माझा होता. शिक्षेबद्दल या पत्रात एक शब्दही नाही. शिक्षेत जे काम केलं, त्याबद्दल आहे.

पहिली दोन वर्षं मी कच्चा कैदी होतो, म्हणजे खटला चालू होता. कच्च्याला काम नसतं. सकाळची गिनती, चहा, जेवण, बंदी, पुन्हा गिनती. बराकीच्या छताला किती पट्ट्या आहेत ते मला अजून पाठ आहे. म्हणून निकालाच्या दिवशी ‘सश्रम’ हा शब्द कानावर पडला तेव्हा आईने डोळ्याला पदर लावला, आणि मला मात्र आतून थोडं बरं वाटलं होतं. ही गोष्ट आजवर घरी बोललो नाही. ज्या बाकावर निकाल ऐकायला बसलो होतो त्याच्या पायाशी कारागृहाचा शिक्का होता. सागवानी बाक होतं, भक्कम. पुढे आतल्या सुतारशाळेत त्याच घडणीची बाकं तयार होताना पाहिली आणि हसू आलं. आरोपीला बसायला आधीच्या आरोपीने करून ठेवलेलं.

आमच्या कारखान्याची शेड तुम्ही रोज पाहता, पण हे पत्र वाचणाऱ्या बाकीच्यांनी पाहिलेली नसेल. लाल गेट ओलांडून डाव्या हाताला जाड दगडी भिंत, वर लोखंडी कैच्या, त्यावर कौलं. उजेड उंचावरच्या गजांतून तिरपा येतो आणि त्या उजेडात दिवसभर कापसाचं तूस तरंगत असतं. सतरंजीच्या मागावर दोघं शेजारी बसतात. ताणा, म्हणजे उभं सूत, तंबूच्या दोरीसारखा ओढून बांधलेला. बाण्याचं, म्हणजे आडवं, सूत हाताने ह्या टोकापासून त्या टोकाला न्यायचं आणि पंज्याने ठोकून बसवायचं. पंजा म्हणजे लोखंडी दातांचा, मुठीत मावणारा पण चांगलाच जड. पहिल्या आठवड्यात मनगट सुजतं. दुसऱ्या आठवड्यात सूज उतरते आणि कानात थप-थप बसते, ती रात्री बराकीतही थांबत नाही.

नवा माणूस एक चूक हमखास करतो. बाण्याचं सूत ताणून घेतो. त्याला वाटतं, घट्ट म्हणजे चांगलं. मीही तेच केलं. दोन फूट विणून झाल्यावर मास्तर आले, टेप लावला आणि म्हणाले, “हिची कंबर पाहा कशी बारीक झाली. सतरंजी आहे बाप्पा, बाई नाही. उसव.” सूत ओढलं की काठ आत येतो, आणि मग पुढे कितीही सरळ विणा, ती बारीक कंबर जन्मभर दिसते. दोन फूट उसवायला मला दीड दिवस लागला. माझा जोडीदार मेळघाटातला कोरकू म्हातारा होता. चार महिन्यांत तो माझ्याशी फारसा बोलला नव्हता, त्या दिवशी बोलला : “धाग्यावर राग नको काढू. तो उद्या तुलेच दिसते.”

साहेब, आत समुपदेशनाची भाषणं पुष्कळ झाली. त्यातलं मला एवढंच आठवतं, आणि ते भाषण नव्हतं.

आता गाऱ्हाणी मांडतो. क्रम लावलेला नाही, जे जास्त सलतं ते आधी.

सगळ्यात सलतं ते हे, की पाच वर्षांच्या कामाचा माझ्याकडे एकही कागद नाही. आत असतानाच मी मुक्त विद्यापीठातून बी. ए. केलं. त्या पदवीवर मी कुठे बसून अभ्यास केला ते लिहिलेलं नाही, आणि बाहेर ती कोणीही मानतो. विणकाम मात्र मला बी. ए. पेक्षा पुष्कळ बरं येतं, आणि ते येतं असं म्हणणारा कागद जगात कुठे नाही. सुटताना हातात सुटकेचा दाखला आणि कपड्यांची पिशवी. दाखल्यावर गुन्ह्याचं कलम आहे, शिक्षा आहे, माफीचे दिवस आहेत. काम काय केलं, त्याला रकानाच नाही.

सुटल्यावर तालुक्याला एका बँकेत मागासाठी कर्ज विचारायला गेलो. विणकरांसाठी मुद्रा कर्ज आहे हे मी आतच वाचलं होतं. साहेब चांगले होते, खुर्ची दिली. विणकर ओळखपत्र आहे का? नाही. सहकारी सोसायटीचे सभासद? नाही. कुठे शिकलात? मी खरं सांगितलं. खुर्ची काढून घेतली नाही, पण फाईल मिटली. त्यांचा तरी काय दोष? मी हात पुढे केले आणि तळव्यावरचे घट्टे दाखवले. ते म्हणाले, “घट्टे स्कॅन होत नाहीत भाऊ.” विनोद म्हणून बोलले. मीही हसलो.

कागद देणं अवघड नाही. पूर्वी केलेल्या कामाची परीक्षा घेऊन कौशल्याचं प्रमाणपत्र द्यायची सोय सरकारच्याच कौशल्य योजनेत आहे. गवंडी, सुतार यांना ती मिळते. परीक्षा घेणारा शेडमध्ये येऊ द्या आणि मागावर बसवून पाहू द्या. एक सकाळ पुरे.

दुसरं मजुरीचं. यावर लोक चटकन बोलतात, “खुन्याला पगार कायचा?” त्यांना मला थोडं मागचं सांगायचं आहे.

इंग्रजांनी वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून ताब्यात घेतलं. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत नागपूरचं कारागृह १८६४ ला झालं, अमरावतीचं १८६६ ला. आपलंही त्याच घडणीचं. पण आत काम कसलं द्यायचं ते त्यांनी फार आधीच ठरवलं होतं. मेकॉले ज्या समितीत होता तिने १८३८ मध्ये लिहून ठेवलं की कैद्याला रस्त्याच्या कामावर बाहेर नेऊ नका, त्याला भिंतीच्या आत एकसुरी, कंटाळा आणणारं काम द्या. त्या कामातून काही निपजलं पाहिजे असा आग्रह नव्हता, माणूस वठणीवर आला म्हणजे झालं. ‘चक्की पिसायला जाशील’, ‘खडी फोडायला पाठवतील’ हे आपल्या आया पोरांना उगाच म्हणत नाहीत. पुढे सरकारला हिशेब कळला. हात फुकटचे, जागा आपली, गिऱ्हाईकही आपलंच. मग सतरंज्या, गालिचे, तंबू, तेल, सरकारी कचेऱ्यांची टेबलं. वेठीला शिक्षेचं नाव, आणि फायदा खजिन्यात.

१८९४ चा तुरुंग कायदा मी आतल्या ग्रंथालयात वाचला आहे. त्याचं पस्तिसावं कलम आम्हा सश्रमवाल्यांचं. दिवसाला नऊ तासांहून जास्त काम घेऊ नये. आणि पुढे एक गंमत आहे : काम करणाऱ्या प्रत्येक कैद्याचं वजन निदान पंधरवड्यातून एकदा त्याच्या नोंदीच्या तिकिटावर लिहावं. इंग्रज डोक्याने पक्का. बैल कामावर लावायचा तर तो उतरला का हे पाहायलाच हवं. पण मजुरीचा रकाना त्या तिकिटावर नव्हता. त्याच कायद्यात एक कलम आधी, चौतिसाव्यात, दिवाणी कैद्याची सोय आहे. स्वतःची हत्यारं आणून, स्वतःच्या खर्चाने राहून त्याने आपला धंदा केला तर पूर्ण कमाई त्याची. म्हणजे कमाई ही काय चीज असते हे लिहिणाऱ्याला ठाऊक होतं. (पंधरवड्याच्या वजनाचं विचाराल तर पाच वर्षांत मी काट्यावर किती वेळा उभा राहिलो ते दोन हातांच्या बोटांवर मोजता येईल. इंग्रजांचा कायदा ठेवायचाच होता तर तेवढा तरी नीट पाळायचा.)

स्वातंत्र्यानंतर घटनेच्या तेविसाव्या अनुच्छेदाने वेठबिगारी मोडली. १९८० ते १९८३ या काळात न्यायमूर्ती मुल्ला यांच्या समितीने देशभरच्या तुरुंगांचा विचार केला. आणि १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या प्रकरणात स्वच्छ सांगितलं : सश्रम शिक्षा झालेल्याकडून काम घेणं कायदेशीर, पण त्या कामाची न्याय्य मजुरी द्यावीच लागेल. अन्न-वस्त्राचा खर्च त्यातून कापता येईल. मला ते मान्य आहे. मी दोन वेळा जेवत होतो, डाळ पातळ असली तरी जेवत होतो.

मग भाव पाहा. ऑगस्ट २०२३ मध्ये आपल्या राज्याने मजुरी वाढवली. कुशल बंद्याला ६७ चे ७४ रुपये रोज, अर्धकुशलाला ६१ चे ६७, अकुशलाला ४८ चे ५३. त्याच वर्षी बाहेर रोजगार हमीच्या कामाचा रोज २७३ रुपये होता. माग, पंजा, रंगाचं गणित येणारा कुशल माणूस भिंतीच्या आत असला की मातीच्या टोपलीच्या चौथाईवर येतो. अकुशलाला पाच रुपयांची वाढ मिळाली. आमच्या फाट्यावर कट दहाला आहे.

तुम्ही म्हणाल, बाकीचे जेवणाखाण्याला कापले. कापा, पण दाखवा. रोज किती झाला, जेवणाचे किती वळते केले, खात्यावर किती गेले, असा एक चिठोरा महिन्याला हातात द्या. गावातला किराणावालासुद्धा उधारीच्या वहीत ओळ ओळ दाखवतो. आम्हाला फक्त शेवटचा आकडा सांगितला जायचा, तोही खिडकीतून, मागे रांग उभी असताना.

माझी स्वतःची बाकी आहे. २०२० च्या टाळेबंदीत सूत येणं बंद झालं आणि आम्हा विणकरांना शिवणशाळेत बसवलं. मास्क शिवले. रोजचा टास्क होता, तो मोजून घेतला जायचा, कमी भरला की ऐकून घ्यावं लागायचं. ते मास्क पोलिसांनी बांधले, दवाखान्यांनी बांधले, आणि खरं सांगतो, त्या दिवसांत आपण कोणाच्या तरी उपयोगी पडतो आहोत असं पहिल्यांदा वाटलं. तीन महिन्यांची ती मजुरी मागाहून लागेल म्हणाले. सुटताना हिशेबात नव्हती. नंतर चार अर्ज केले. दोनांची पोचही आली नाही, तिसऱ्याचं उत्तर ‘प्रकरण तपासून घेण्यात येत आहे’, चौथा मी स्वतः गेटवर नेऊन दिला तर शिपाई म्हणाला, “तू पुन्हा कायले आला बे इथं?” प्रेमानेच म्हणाला, ओळखीचा होता. रक्कम एवढीशी आहे, एवढ्यासाठी कोणी कोर्टात जात नाही. म्हणूनच ती राहते.

आता जे लिहायला मला सगळ्यात जड जातं ते.

त्याच १९९८ च्या निकालात न्यायालयाने आणखी एक सुचवलं होतं. कैद्याच्या मजुरीतला काही हिस्सा बाजूला काढून, ज्यांचं त्याच्या गुन्ह्याने नुकसान झालं त्यांना देता येईल असा कायदा करावा. मी ते वाचलं तेव्हा मागावर दुसरं वर्ष चालू होतं. माझी वहिनी, म्हणजे माझ्यामुळे जिचं कुंकू पुसलं ती, आमच्याच गावात राहते. तिचा पोरगा तेव्हा तिसरीत होता. मी कारखान्याच्या खिडकीवर विचारलं, माझ्या मजुरीतून तिच्या नावाने कापता येतील का. उत्तर आलं, आपल्याकडे तशी पद्धत नाही.

मग मीच पाठवून पाहिलं. पहिल्या संचित रजेवर घरी आलो तेव्हा साठवलेले पैसे पाकिटात घालून मोठ्या आईच्या हाती तिच्याकडे धाडले. पाकीट तासाभरात परत आलं, न उघडता. तिने बरोबर केलं. माझ्या हातचं तिने का घ्यावं? घेतलं असतं तर गावाने म्हटलं असतं, मिटलं यांचं. तिच्याकडून काहीही मिटलेलं नाही, आणि मिटवावं अशी अपेक्षा करण्याचा मला अधिकार नाही. पण तेच पैसे सरकारने कापून, सरकारी लिफाफ्यातून, तिचा हक्क म्हणून दिले असते तर पोराच्या वह्या-पुस्तकांना झाले असते आणि तिला कोणापुढे मान खाली घालावी लागली नसती. ही एक गोष्ट मी माझ्या हाताने करू शकत नाही, साहेब. ती तुम्हीच करू शकता. जे विचारतात ना, की खुन्याला मजुरी कशाला, त्यांना हे माझं उत्तर आहे. मजुरी धड असेल तरच तिच्यातून काही कापता येतं.

तिसरी गोष्ट कामाच्या वाटणीची. सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ ला सांगितलं की तुरुंगात जात पाहून काम द्यायचं नाही, नोंदवहीतला जातीचा रकानाच काढून टाका. माझ्या वेळी रकाना होता. कोणी कोणाला तोंडाने जात विचारत नव्हतं हे खरं, पण झाडूच्या आणि संडासाच्या कामावर बहुतेक कोण असायचं आणि स्वयंपाकघरात कोण, ते सगळ्यांना दिसायचं. एक पारधी पोरगा होता, विशीतला. त्याची बोटं अशी चपळ की दुपारच्या सुट्टीत आमच्या मागामागे उभा राहून पाहायचा आणि सांगायचा, “दादा, तो निळा एक घर चुकला.” खरंच चुकलेला असायचा. मास्तरांनी त्याला मागावर मागितला. दोनदा मागितला. तो शेवटपर्यंत झाडूवरच राहिला. कारण कोणी सांगितलं नाही, आणि लेखी तर नसणारच. आता निकाल आला आहे, तर रकाना कागदावरून गेला एवढ्यावर थांबू नका. कोण कुठल्या कामावर आहे याची यादी एकदा काढून पाहा.

बायकांच्या बराकीचं मला आतून माहीत नाही. शिवण आणि वाती वळणं एवढंच तिथे चालायचं असं ऐकत होतो. माग त्यांना कधी दाखवलाच नाही म्हणे.

आणि आता शेड. ती बंद कशी पडली हे तुमच्या फायलीत ‘मागणीअभावी’ असं लिहिलेलं असेल. मी तिथे बसून पाहिलं ते असं : मास्तर निवृत्त झाले. विणकाम निदेशकाची जागा भरली नाही. मास्तर नाहीत म्हणून सुताची मागणी वेळेवर गेली नाही, सूत नाही म्हणून माग थांबले, माग थांबले म्हणून ऑर्डर आली तरी घेता येईना. मग ऑर्डरी येणं थांबलं. याला मागणीअभावी म्हणत नाहीत. बैलाची वैरण तोडायची आणि पंचनाम्यात लिहायचं, बैल म्हातारा होता.

मागणीचं म्हणाल तर १९८५ चा हातमाग आरक्षण कायदा आहे. ज्या अकरा वस्तू फक्त हातमागावरच काढायच्या, त्यांत सतरंजी आहे. बराकीत वापरतात तो कांबळासुद्धा आहे. आणि इकडे आमच्या जिल्ह्यातल्या शाळांतून पोरं प्लास्टिकच्या चटईवर बसतात, उन्हाळ्यात मांडीला चिकटणाऱ्या. त्या शाळा सरकारच्या, कारागृह सरकारचं, सुताचा कापूस आमच्या वावरात. या तिघांची गाठ घालून द्यायला एक पत्र लागतं.

आमच्या गावात गुरुदेव सेवा मंडळाच्या सायंप्रार्थनेला जी सतरंजी अंथरतात ती कारागृहातून घेतलेली आहे. लाल-निळे पट्टे, एका कोपऱ्यावर अजून अर्धा शिक्का दिसतो. मंडळातले म्हातारे सांगतात, तिला तीस वर्षं झाली. मी सुटून आलो तेव्हा माझ्या हातचा चहा प्यायला लोकांना वर्ष लागलं. जेलच्या सतरंजीवर बसायला कोणालाच कधी काही वाटलं नव्हतं. मंडळ काढणारे तुकडोजी महाराज स्वतः १९४२ मध्ये नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात होते, त्यामुळे त्यांनाही वाटलं नसतं. पहिल्या दिवशी मी कडेला बसलो आणि सवयीने काठ बोटाने चाचपला. कंबर कुठेच बारीक नव्हती. कोणी विणली कुणास ठाऊक, चांगला हात होता.

ऐकतो की रिकाम्या शेडमध्ये बाहेरच्या एका ठेकेदाराचं पॅकिंगचं काम आणणार आहात. खोक्याला लेबल लावायचं, खोका पुढे सरकवायचा. त्याचं वाईट वाटतं ते यासाठी की पावणेदोनशेहून जास्त वर्षांपूर्वी मेकॉलेच्या त्या समितीने जे मागितलं होतं ते शेवटी तिला मिळतं आहे. लेबल लावणाऱ्याला सुटल्यावर काय येणार? लेबल लावता येणार.

मी सध्या मजुरीला जातो. सांजच्याला गुरांच्या कोठ्यात, बाभळीच्या लाकडाचा एक माग ठोकून बसवला आहे, त्यावर विणतो. तो नीट नाही. ओंडका कोरडा होताना वाकला, त्यामुळे ताणा एका बाजूला सैल पडतो. दोन फुटांपेक्षा रुंद काही निघत नाही. म्हणून आसनं विणतो. पौषात ऋणमोचनच्या यात्रेत घेऊन बसलो, अकरा आसनं गेली. एका बाईने उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, “कुठचं शिकलं बाप्पा हे?” मी म्हटलं, जिल्ह्याला, सरकारी कारखान्यात. खोटं नव्हतं.

तर माझं मागणं असं.

लिलावाच्या यादीतली ती पाचवी ओळ काढा. निदेशकाची जागा भरा आणि निदान सहा माग चालू करा. सगळे अठरा एकदम चालणार नाहीत हे मलाही कळतं. उरलेले, आत शिकून सुटलेल्या विणकरांना माग म्हणून द्या, हप्त्याने द्या, नाहीतर एखाद्या आयटीआयला द्या, पण भंगारात नको. आजपर्यंत कारखान्यात ज्यांनी वर्षाहून जास्त काम केलं त्यांना, आत असोत की बाहेर, कामाचा दाखला द्या. त्यावर ‘कारखाना विभाग’ एवढंच लिहिलं तरी चालेल. मजुरीचा महिन्याचा चिठोरा सुरू करा. टाळेबंदीतल्या मास्कची राहिलेली मजुरी फक्त माझी नाही, त्या शिवणशाळेत जेवढे बसलो त्या सगळ्यांची काढा. आणि नुकसान झालेल्या घरासाठी हिस्सा कापण्याची पद्धत नसेल तर ती घालण्याचा प्रस्ताव तुमच्याकडून वर जाऊ द्या. केंद्राने २०२३ मध्ये नवा आदर्श तुरुंग कायदा राज्यांकडे पाठवला, १८९४ चा जुना मोडीत निघायची वेळ आली आहे, तेव्हा असल्या गोष्टी लिहून घ्यायला याहून चांगला मुहूर्त नाही. माझी तीन महिन्यांची बाकी निघाली तर ती मला देऊ नका. ती कुठे जायला हवी ते वर लिहिलं आहे.

सूचनेत लिलावाची तारीख आहे, वेळ सकाळी अकराची. तोपर्यंत ती ओळ यादीतून निघाली नाही तर त्या दिवशी मी गेटवर येतो आहे. सात नंबरच्या मागासाठी अनामत रक्कम जमवली आहे, आसनांचे पैसे आहेत, थोडे आईने दिले. पण बोली लावणाऱ्याकडे जीएसटी क्रमांक पाहिजे अशी अट तुम्ही घातली आहे. माझ्याकडे आजवर एकच क्रमांक होता, तो तुमच्याच कारागृहाने दिलेला. त्या एका मागापुरती अट शिथिल करावी आणि भाव किलोचा न लावता मागाचा सांगावा, ही विनंती.

आपला,
कारखाना विभाग, माग क्रमांक सात
तालुका दर्यापूर